जुन्या लाकडातून लाटणं: कातकाम आणि लाकडाची ओळख, नवशिक्यांसाठी

कातकाम शिकण्यासाठी वखारीतून महागडं लाकूड आणायची गरज नाही. लेथवर लाकूड फिरवून त्याला पटाशीने गोल आकार देताना सुरुवातीचे बरेच तुकडे वाया जाणारच असतात, त्यामुळे ते फुकटचे किंवा जळणाच्या भावाचे असलेले बरे. अडचण एवढीच की फुकटच्या लाकडावर नाव लिहिलेलं नसतं. ते सागाचं आहे की शिवणीचं, त्यात खिळा आहे का, त्याचा भुसा नाकात गेला तर काय होईल, हे सगळं आपल्यालाच शोधावं लागतं. म्हणून या लेखात लेथपेक्षा लाकडाच्या ओळखीला जास्त जागा दिली आहे. पटाशी धरणं महिन्या-दोन महिन्यांत हाताला बसतं. लाकूड ओळखायला वेळ लागतो, आणि ते आलं नाही तर पटाशी कितीही चांगली असली तरी उपयोग नाही.

लाकूड कुठे मिळतं

पहिली जागा म्हणजे पाडकाम. पुण्या-नाशकातले वाडे, मुंबईतल्या चाळी आणि कोकणातली कौलारू घरं पडतात तेव्हा तुळया, वासे, कड्या, चौकटी, जिन्याच्या पायऱ्या बाहेर निघतात. चांगला माल जुन्या लाकडाचे व्यापारी आधीच उचलतात. त्यांच्याकडे उरलेली टोकं, चिरलेले तुकडे आणि खिळ्यांनी भरलेले वासे आपल्या कामाचे. लेथला दीड इंच चौरस आणि फूटभर लांब तुकडाही पुरतो, फर्निचरवाल्याला तो नको असतो. एक विनंती मात्र आहे: नक्षीचा सुरुदार खांब स्वस्तात मिळाला म्हणून तो कापून लेथवर चढवू नका. तो तसाच कुणाला तरी देऊन टाका.

दुसरी जागा रस्त्यावरची. जून-जुलैत वारा सुटला की शहरात गुलमोहर, पेल्टोफोरम, रेन ट्री पडतात आणि पालिकेची माणसं त्यांचे ओंडके करून बाजूला लावतात. तिसरी जागा म्हणजे ओळखीचे सुतारकाका. त्यांच्या कोपऱ्यातल्या ढिगात साग आणि शीशमचे तुकडे हमखास असतात, आणि ते कुठलं लाकूड आहे हेही ते सांगू शकतात. नवशिक्याने सुरुवात इथूनच करावी असं माझं मत आहे, कारण नाव माहीत असलेले नमुने आधी हाताळले की बिननावाचे ओळखता येतात.

उचलण्याआधी विचारा

पडलेलं झाड बेवारस नसतं. शहरी भागातल्या झाडांना १९७५ चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे, आणि तोडीची परवानगी वृक्ष प्राधिकरणाकडून घ्यावी लागते. रस्त्यावरचं लाकूड पालिकेचं असतं, त्यामुळे उद्यान विभागाच्या माणसाला विचारून न्यावं. सोसायटीच्या आवारातलं असेल तर सोसायटीला विचारावं. गावाकडे शेताच्या बांधावरचं झाड असलं तरी १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा आहे. त्याच्या यादीत साग, खैर, चंदन तर आहेतच, पण आंबा, फणस, चिंच आणि जांभूळही आहेत. ताजा कापलेला सागाचा ओंडका गाडीत टाकून जिल्हा ओलांडायचा विचार असेल तर आधी वनखात्यात वाहतूक परवान्याची चौकशी करा. चंदनाच्या वाट्याला तर जाऊच नका.

घरी आणल्यावरची तपासणी

जुन्या लाकडाचा पहिला शत्रू खिळा. वाड्याच्या वाशातले खिळे हाताने घडवलेले, जाड आणि डोकं तुटलेले असतात, वरून दिसत नाहीत. जोरदार चुंबक सगळ्या बाजूंनी फिरवा. साग, बाभूळ, ऐन अशा लाकडात लोखंडाभोवती काळा डाग पडतो, लाकडातलं टॅनिन लोखंडाशी मिळून तो रंग येतो. म्हणून काळा डाग दिसला की आत खिळा आहे असंच धरून चाला. पितळी स्क्रू चुंबकाला लागत नाहीत, ते डोळ्यांनीच शोधावे लागतात. कडी-कोयंडा किंवा बिजागरी जिथे होती तिथे खास पाहा.

दुसरा शत्रू वरून लावलेला थर. जुन्या तेलरंगात शिसं असू शकतं, त्यामुळे रंगवलेली चौकट पॉलिश पेपरने घासू नका. करवतीने वरचा थर कापून काढा आणि तो भुसा वेगळा बांधून टाका. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर मोहात पाडतात, पण ते बऱ्याचदा क्रिओसोट या डांबरी तेलात मुरवलेले असतात. त्यांचा डांबरी वास लेथवर गरम झाला की आणखी उठतो. स्लीपर सोडून द्या. पॅलेटचं लाकूड घेत असाल तर त्यावरचा शिक्का वाचा: ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन किडे मारलेलं, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं. दुसरं घरात आणू नका.

बारीक गोल भोकं आणि त्यातून पडणारी पिठूळ पूड दिसली तर आत भुंगेरे आहेत. ते बहुतेक करून बाहेरच्या फिक्या लाकडात असतात, कारण तिथे पिष्ट असतं. आंबा, रेन ट्री आणि सुबाभूळ त्यांना विशेष आवडतात. शोभेची वस्तू करायची असेल तर बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं द्रावण चालतं. स्वयंपाकाच्या वस्तूसाठी असलं लाकूड सरळ बाजूला ठेवा, आणि इतर लाकडांपासून दूर.

लाकूड कसं ओळखायचं

झाड अजून पडलेलंच असेल तर तुमचं निम्मं काम झालं. पानं, शेंगा, साल यांचे फोटो काढा, एक डहाळी वर्तमानपत्रात दाबून ठेवा. सागाचं कोवळं पान तळहातावर चुरगाळलं की हात लाल होतो. रेन ट्रीच्या शेंगा काळ्या, चपट्या आणि आतून चिकट असतात. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटीने फुटलेली असते, तर अर्जुनाची गुळगुळीत, फिकी आणि पापुद्रे सुटणारी. पानावरून नक्की होत नसेल तर पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, तिथे वाळवलेल्या नमुन्यांचा मोठा संग्रह आहे.

पण वाशाला पानं नसतात. मग लाकडाच्या टोकाचा आडवा काप वाचावा लागतो. रंग आणि वरच्या रेघा पाहून नाव ठरवणं हा सगळ्यात मोठा भ्रम आहे. शंभर वर्षं धुरात आणि तेलात राहिलेला कुठलाही वासा काळपट तपकिरीच दिसतो. वरचा थर रंध्याने काढल्याशिवाय रंगावर बोलू नये.

यासाठी लागणारी साधनं स्वस्त आहेत: दहापट मोठं दाखवणारं सराफाचं भिंग, कटरची नवी पाती, पाण्याचा थेंब आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा. तुकड्याच्या टोकाला पाणी लावा, आणि पातीने एकाच सपाट्यात पातळ चकती काढा. पाती बोथट असेल तर छिद्रं चेपतात आणि काहीच दिसत नाही. मग भिंग डोळ्याला चिकटवून लाकूड जवळ आणा, भिंग लाकडाला चिकटवून नाही.

आता काय पाहायचं? आधी छिद्रं, म्हणजे जलवाहिन्यांची तोंडं. सागात वर्षाच्या सुरुवातीची छिद्रं मोठी आणि ओळीने असतात, नंतरची बारीक होत जातात, त्यामुळे वर्षवलयं नुसत्या डोळ्यांनी मोजता येतात. आंबा, जांभूळ, हेद यांत छिद्रं सगळीकडे साधारण सारखी विखुरलेली असतात. मग छिद्रांभोवतीचा फिका भाग. बाभूळ, शिरीष आणि रेन ट्रीमध्ये प्रत्येक छिद्राभोवती फिकं कडं असतं, कधी ते बाजूला पंख पसरतं. वड, पिंपळ, औदुंबर यांत हाच फिका भाग लांबलचक पट्टे बनून आडवा पसरतो. शेवटी किरणं, म्हणजे मध्यापासून सालीकडे जाणाऱ्या बारीक रेघा. सिल्व्हर ओकमध्ये ती इतकी रुंद असतात की लाकूड मध्यातून चिरलं तर पृष्ठभागावर जाळीदार चमक दिसते. ही एक खूण सापडली की चूक होण्याची शक्यता फार कमी.

मग वजन. एक घन तुकडा कापा, प्रत्येक बाजू ५ सेंटिमीटर, म्हणजे १२५ घन सेंटिमीटर. पूर्ण वाळलेला साग साधारण ८० ग्रॅमच्या आसपास भरतो, शिसव शंभरच्या पुढे जातो, पांगारा चाळीसही गाठत नाही. पण वजन एकट्याने काही ठरवत नाही. आंबाही सागाच्या जवळपास भरतो. तिथे छिद्रांच्या ओळी निकाल देतात: साग असेल तर ओळी आहेत, आंब्यात नाहीत.

वास आणि स्पर्श हे पूरक पुरावे. ताजा कापलेला साग चामड्यासारखा वास देतो आणि बोटाला किंचित तेलकट लागतो. शिवण सागाच्याच नात्यातली आणि सुतारकामात बऱ्याचदा सागाच्या शेजारी दिसते, पण ती फिकी, हलकी, कोरडी, आणि तिला तो वास नाही. बिबळा या झाडाच्या लाकडाचा छोटा तुकडा पाण्यात ठेवला की पाणी तपकिरी-पिवळं होतं आणि उजेडात धरलं की त्यात निळसर झाक दिसते. बिबळ्याचे कातलेले पेले बाजारात मधुमेहावरचे म्हणून विकले जातात. त्यांच्या औषधीपणाबद्दल मी बोलत नाही, पण लाकूड ओळखायला ही चाचणी सुरेख आहे.

एक घोळ आधीच सोडवून घ्या. फर्निचरच्या दुकानातलं ‘शीशम’ बहुधा उत्तरेकडचं सिसू असतं. आपला सह्याद्रीतला शिसव वेगळा, जास्त जड आणि जांभळट काळ्या रेघांचा. दोन्ही एकाच वंशातले, आणि २०१७ पासून हा सगळा वंश सायटीस या करारात आहे, म्हणजे धोक्यातल्या झाडा-प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या करारात. अमेरिकेतल्या बहिणीला शिसवाचं लाटणं पाठवायचं असेल तर कुरियरवाल्याला आधी नियम विचारा.

आणि नाव सापडलंच नाही तर? तरी चालतं. तीन गोष्टी कळल्या तर लाकूड वापरता येतं: ते त्रासदायक आहे का, ते वाळलंय का, रेषा सरळ आहेत का. कण्हेर (पिवळीसुद्धा), काजरा आणि बिब्बा ही तीन झाडं मात्र नक्की ओळखायला शिका. पहिली दोन विषारी, तिसऱ्याच्या चिकाने अंगावर फोड येतात. बिननावाच्या लाकडाची ताट-वाटी करू नका, मेणबत्तीचं स्टँड करा.

ओळखलेल्या प्रत्येक लाकडाची एक पट्टी बाजूला काढा. मागे नाव, कुठून आलं आणि तारीख पेन्सिलीने लिहा, अर्ध्या भागाला तेल लावा आणि अर्धा तसाच ठेवा. वर्षभरात तुमच्याकडे असा संग्रह होतो की पुस्तकातल्या फोटोंपेक्षा तोच जास्त कामाला येतो. मोठा संग्रह पाहायचा असेल तर देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत लाकडाचं संग्रहालयच आहे.

लेथवर कुठलं कसं वागतं

हेद हे कातकामासाठी आपल्याकडचं उत्तम लाकूड: पिवळं, एकसारखं, बारीक छिद्रांचं, धारेखाली लोण्यासारखं. मिळालं तर जपून ठेवा. साग सोपा आहे, पण त्यात वाळूसारखे कण असतात आणि ते धार लवकर मारतात, म्हणून सारखी धार लावावी लागते. रेन ट्रीचा गाभा गडद तपकिरी, कडा पिवळट, वाडग्यांसाठी देखणा. बाभूळ आणि चिंच कठीण, पण त्यांच्यावर येणारी चकाकी वेगळीच. चिंचेचा जांभळट गाभा अगदी छोटा असतो, तो भोवऱ्यासाठी राखावा. फणस कापताना पिवळाधमक दिसतो आणि काही महिन्यांत सोनेरी तपकिरी होतो, म्हणून पहिल्याच दिवशी रंगावर भाळू नका. कडुनिंबाच्या रेषा एकमेकांत गुंतलेल्या, त्यामुळे पृष्ठभाग उपटला जातो. नीलगिरी ताजी असताना मऊ वाटते आणि वाळताना पिळून चिरते. गुलमोहर हलका आणि लवकर कुजणारा, सरावाला ठीक, वस्तूला नाही. सावंतवाडीच्या खेळण्यांत पांगारा वापरला जायचा तो त्याच्या हलकेपणामुळेच. तो लेथवर धागे सोडतो, पण रंग आणि लाख छान धरतो.

ओलं लाकूड

वाड्यातलं लाकूड वाळलेलं असतं. पडलेल्या झाडाचं नसतं, आणि इथेच बहुतेकांचं सामान चिरतं. ओंडका घरी आणल्या दिवशीच दोन्ही टोकांना वितळलेलं मेण किंवा तेलरंग फासा. टोकांतून पाणी सगळ्यात वेगाने जातं, म्हणून भेगा तिथूनच सुरू होतात. मग ओंडका मध्यबिंदूतून उभा चिरा आणि दोन अर्धे करा. मध्यबिंदू एका अर्ध्यात अख्खा राहिला तर तो भाग चिरणारच. लाकूड वर्तुळाच्या दिशेने जितकं आक्रसतं त्याच्या साधारण निम्मंच मध्याकडे आक्रसतं. सागात हा आकडा ढोबळमानाने पाच आणि अडीच टक्के. त्यामुळे ओल्या लाकडाचा गोल वाडगा वाळला की अंडाकृती होतो. तो दोष नाही, स्वभाव आहे.

वाडगा दोनदा कातायचा: ओला असताना भिंत जाड ठेवून, व्यासाच्या एक दशांश, म्हणजे आठ इंची वाडग्याला पाऊण इंचाहून थोडी जास्त. मग तो कागदात गुंडाळून सावलीत ठेवा आणि दर आठवड्याला वजन त्यावरच लिहा. लागोपाठ दोन-तीन आठवडे वजन बदललं नाही की वाळलं. पावसाळ्यात कोकणात हे होईलच असं नाही, तिथे दिवाळीनंतर तोलायला घ्या.

लेथ आणि सुरक्षा

पहिल्या लेथसाठी छोटा टेबलावरचा पुरतो. पटाश्या चार: रफिंग गाऊज (चौकोनी तुकडा गोल करायला), स्पिंडल गाऊज (लांबट कामाला), बाउल गाऊज (वाडग्याला), पार्टिंग टूल (टोकं कापायला). स्क्यू, म्हणजे तिरप्या धारेची पटाशी, नंतर घ्या. रफिंग गाऊज फक्त लांबट कामाला, वाडग्याला अजिबात नाही. तिची मूठ जिथे जोडलेली असते तिथे ती तुटू शकते.

पूर्ण तोंड झाकणारा पारदर्शक मुखवटा, नुसता चष्मा नाही. हातमोजे नकोत, ओढणी, लांब बाह्या, बांगड्या, गळ्यातली साखळी काढून ठेवा, केस बांधा. साग, शिसव, सिल्व्हर ओक यांच्या भुशाने अनेकांच्या त्वचेला आणि श्वासाला त्रास होतो, म्हणून पॉलिश पेपर मारताना एन-९५ मास्क हवाच. वाडग्यासाठी वेगाचा एक अंदाज: इंचातला व्यास गुणिले फेरे प्रति मिनिट हे उत्तर ६००० ते ९००० च्या मध्ये असावं. आठ इंची वाडग्याला म्हणजे ७५० ते ११००. वेडावाकडा, असमतोल तुकडा असेल तर याच्याही निम्म्यापासून सुरुवात. लेथ चालू करताना कधीही तुकड्यासमोर उभं राहू नका, बाजूला राहा.

पहिली वस्तू: लाटणं

सरळ रेषांचा, खिळा नसलेला सागाचा किंवा बाभळीचा तुकडा घ्या, दीड इंच चौरस आणि चौदा इंच लांब. दोन्ही टोकांवर कर्ण आखून मध्य काढा. रंध्याने चार कोपरे उतरवून अष्टकोन करा, त्याने पहिले धक्के कमी बसतात. लेथच्या दोन केंद्रांमध्ये, म्हणजे दोन्ही बाजूंच्या टोकदार आधारांमध्ये, घट्ट बसवा, टूल रेस्ट (पटाशी टेकवायची पट्टी) लाकडापासून अगदी थोडा दूर ठेवा आणि हाताने एक पूर्ण फेरा फिरवून पाहा की कुठे अडत नाही ना.

८०० ते १००० फेऱ्यांवर रफिंग गाऊजने गोल करा. पटाशी रेस्टवर आधी टेकवा, मग लाकडाला. तिचा मागचा उतार लाकडावर घासू द्या, नुसता घासला जातोय, कापत नाही असं झालं की मूठ हळूहळू उचला, धार आपोआप धरेल. कपच्या लांब रिबिनीसारख्या सुटल्या की बरोबर आहे, पूड पडतेय तर धार गेली आहे. गोल झाल्यावर वेग १५०० पर्यंत न्या. मध्ये सव्वा इंच जाडी ठेवा आणि दोन्ही टोकांकडे उतरत पाऊण इंचावर आणा. लांबट कामात नेहमी जाडाकडून बारीककडे कापायचं, उलट गेलात तर रेषा उपटल्या जातात. वाडग्याच्या बाहेरच्या बाजूला मात्र बुडाकडून काठाकडे, आणि आतून काठाकडून मध्याकडे.

पॉलिश पेपर १२०, १८०, २४०, ३२० या क्रमाने. एकही टप्पा गाळू नका, १२० चा ओरखडा ३२० ने जात नाही. शेवटी लेथ बंद करून रेषांच्या दिशेने हाताने घासा. टोकं पार्टिंग टूलने बोटभर जाडीपर्यंत आणा आणि उरलेलं करवतीने कापा, चालू लेथवर तोडू नका.

तेल, मेण, लाख

लाटण्याला कच्चं जवसाचं तेल पातळ चोळा, अर्ध्या तासाने पुसून टाका, दोन-तीन दिवसांनी पुन्हा. दुकानातलं ‘बॉइल्ड’ जवसाचं तेल स्वयंपाकाच्या वस्तूला नको, त्यात वाळवणारी धातूची संयुगं असतात. शेंगदाण्याचं तेल खवट होतं. तेलाची चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाची चिंधी आपोआप पेट घेऊ शकते, ती दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका. खेळणं किंवा भोवरा असेल तर लाख: रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबली की घर्षणाने वितळून चढते, आणि कातारी ती केवड्याच्या पानाने घासून एकसारखी आणि चकचकीत करतात. गरम जेवणाच्या भांड्याला लाख चालत नाही, ती मऊ पडते.

लाटणं वापरल्यावर पाण्यात भिजत ठेवायचं नाही, ओल्या फडक्याने पुसून उभं वाळवायचं. फिकं, कोरडं दिसायला लागलं की पुन्हा थोडं जवसाचं तेल.